करुणा अक्षरांना कपडे शिवते

डोंगरकडा गावात रस्त्याला लागून माझं शिलाईचं दुकान आहे आणि दुकानाला लागून प्रेमानंदचं घर. मधली भिंत एका विटेची. त्या घरात भाजीला मीठ कमी पडलं तर ते मला माझ्या घरच्या भाजीच्या आधी कळतं. गावात काही लोक मला चोंबडा म्हणतात. म्हणोत बापडे. दिवसभर मान खाली घालून मशीन चालवणाऱ्या माणसानं कान तरी वर ठेवायचे की नाही?

तर करुणाबद्दल सांगायचं होतं. करुणा ही प्रेमानंदची बायको. प्रेमानंद केळीचा टेम्पो चालवतो, माणूस सरळ, बोलणं कमी, म्हणून त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. करुणाबद्दल आहे. गावच्या नात्यानं ती मला भाऊजी म्हणते. आणि एकदा भाऊजी म्हटलं की थट्टा करायची परवानगी वेगळी काढावी लागत नाही.

तिचं माहेर शिरड शहापूरचं. बाप ग्यानोबा एका किराणा दुकानात मापाडी होता. संध्याकाळी घरी येताना मीठ-मिरची-गुळाच्या पुड्या आणायचा, आणि पुड्या वर्तमानपत्राच्या. इतर लेकरं पुडीतला गूळ बघायची, ही पुडी बघायची. कागद मांडीवर सरळ करायचा, मिरचीची भुकटी फुंकून टाकायची आणि अक्षरांकडं टक लावून बसायचं. वाचत नव्हती बरं का, बघत होती. एका पेपरातला ‘क’ पोटाशी जाड, दुसऱ्यातला उपाशी काडीसारखा, तिसऱ्याचा आकडा असा वळलेला की जसं मांजराचं शेपूट. असे चाळीस तऱ्हेचे ‘क’ तिनं कापून बिस्किटाच्या डब्यात ठेवले होते. लग्न होऊन इकडं आली तेव्हा डबा सोबत. जनकाबाईंना, म्हणजे तिच्या सासूला, वाटलं सून दागिने लपवून आली. चार दिवस कळ काढली आणि पाचव्या दिवशी झाकण उघडलं.

“कागदाच्या चिंध्या!” जनकाबाई अजून सांगतात. “एक मणी न्हाई येंकट, नुसत्या चिंध्या! मला वाटलं, पोरगी डोक्यानं अधू देली.”

मी व्यंकट. येंकट म्हणायचा हक्क फक्त जनकामावशींचा.

लग्नानंतर करुणा कळमनुरीच्या एका छापखान्यात कामाला लागली. अकरा वर्षं. काम काय, तर लग्नपत्रिका जुळवायच्या. तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं. लग्नपत्रिकेत नवरा-नवरी दोनच असतात, पण काका, मामा, आत्याबाईंचे यजमान, गावचे पाटील, मित्रमंडळ धरून सत्तर नावं. एका चुलत्याचं नाव दुसऱ्या चुलत्यापेक्षा केसभर बारीक पडलं तर मांडवात रुसवा ठरलेला. आमच्याकडं अशाच एका पत्रिकेवरून दोन सख्खे भाऊ तीन पोळे बोलले नाहीत. करुणानं अकरा वर्षांत एकही चुलता बारीक पडू दिला नाही. मामाचं नाव लांब असेल तर अक्षर दाबायचं नाही, ओळ मोडायची. मोडायची कुठं, तर आडनावाच्या आधी. हे सगळं तिला न शिकवता येत होतं.

मग लोक फोनवरच आमंत्रणं धाडायला लागले, गाणं लावून, फुलं उडवून. छापखाना बंद पडला. मालकानं निरोप देताना जुना लॅपटॉप तिला दिला. त्याची बॅटरी मेलेली, वायर लावली तरच श्वास घ्यायचा. त्या लॅपटॉपवर हिंदी व्हिडिओ बघून बघून बाई वेबपान बनवायला शिकली. भिंतीपलीकडून महिनाभर मला “तो दोस्तों” ऐकू येत होतं. मला वाटलं, प्रेमानंदनं बायकोसाठी मास्तर ठेवला. चौकशी करणं भाग होतं.

“वहिनी, काय करून राहिल्या?”

“कपडे शिवून राहिले, भाऊजी.”

“माह्या पोटावर पाय?”

ती हसली. मग तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवली. वर नुसता मजकूर होता, काळा, बारीक, डावीकडं अंग चोरून बसलेला. म्हणाली, “हे पानाचं अंग. मथळा, परिच्छेद, यादी, समदं हाय, पण उघडं. अन् ही दुसरी फाइल. हिला सीएसएस म्हणतात. हिच्यात मी लिहिते, मथळा एवढा मोठा, परिच्छेद या फॉन्टमधी, रंग असा, ओळींत अंतर इतकं.” तिनं एक बटण दाबलं आणि तो मजकूर असा उठून बसला की जसा आंघोळ करून, भांग पाडून आलेला नवरदेव.

“म्हणजे माझाच धंदा की!”

“बराबर. पण तुमी एका मापात एकच सदरा शिवता. मी एकदा माप लिहिलं की हजार परिच्छेदांच्या अंगाला बसतं.”

त्या दिवशी मला माझ्या मशीनची थोडी लाज वाटली. थोडीच.

आता खरी गोष्ट. आमच्या बुद्ध विहारात दुपारी चार वाजता मोठ्या बायकांचा अक्षरवर्ग भरतो. नांदेडची एक संस्था तो चालवते आणि शिकवायला करुणा. आठ-नऊ बायका येतात. जनकामावशी पहिल्यांदा आल्या त्या सुनेवर नजर ठेवायला. नजर ठेवता ठेवता बाराखडी आली. धुरपताबाई सत्तरी ओलांडलेल्या, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला. कमलबाई साठीच्या, हळद शिजवायला जातात आणि गावात कोणाचं काय शिजतंय हेही बघतात. त्या बाबतीत माझ्या तोडीची एकच बाई. फळ्यावरचं या सगळ्या वाचायच्या, पण फोनवरचं नाही. फोनमधली अक्षरं म्हणजे मुंग्यांची वरात. कोणी फोन लांब धरायचं, कोणी नाकाला लावायचं, शेवटी “जाऊ दे माय” म्हणून ओच्यात टाकायचं.

म्हणून करुणाच्या डोक्यात आलं, या बायकांना वाचता येईल असं पान आपणच करावं. संस्थेच्या जान्हवीताई फेब्रुवारीत भेटीला आल्या तेव्हा तिनं बोलून दाखवलं. जान्हवीताई तिशीतल्या, हातात कायम फाइल, बोलणं गोड पण मोजून. त्या म्हणाल्या, “पंधरा दिवसांनी येते. तीन बायकांनी आपापल्या फोनवर, कोणी न सांगता, पान वाचून दाखवलं तर जिल्ह्यातल्या सगळ्या वर्गांची पानं तुम्हीच करा. नाही जमलं तर पुण्याहून तयार मागवू. वरून विचारणा सुरू आहे.”

करुणासाठी हे नुसतं काम नव्हतं. नांदेडच्या एका फ्लेक्सच्या दुकानात तिला बोलावणं आलेलं होतं. सकाळी सातची गाडी, परत यायला दिवेलागण. ते धरलं असतं तर चारचा वर्ग संपलाच. दुसरं कोणी शिकवणारं नाही. फ्लेक्सवाल्याला पंधरा दिवसांत सांगते म्हणून तिनं कळवलं आणि कंबर कसली.

मजकूर तिनं स्वतः लिहिला, हळद कशी शिजवतात यावर अकरा ओळी. लॅपटॉपवर पान सुंदर दिसलं. जनकामावशींच्या फोनवर उघडलं तर सगळं इंग्रजी! तेही असं इंग्रजी की साहेबाच्या बापाला कळणार नाही, मधे कंस, मधे टिंब, मधे उलटी चिन्हं. झालं होतं असं की तिच्या बोटांना अकरा वर्षांची छापखान्याची सवय. छापखान्याचा जुना फॉन्ट म्हणजे आत इंग्रजी अक्षर, अंगावर मराठी मुखवटा. तो मुखवटा तिच्या लॅपटॉपमध्ये होता, सासूच्या फोनमध्ये कुठून येणार? सगळा मजकूर पुन्हा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनला कळेल अशा मराठीत, टाइप करावा लागला. दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी वर्गात पान दाखवलं. मी तेव्हा विहाराच्या दारात उभा होतो, पंख्याचा आवाज का येतोय ते बघायला. धुरपताबाईंनी फोन हातात घेतला, जवळ नेला, लांब नेला, आणि तोंडभर हसल्या.

“कोणाचं लगीन हाय गं?”

खरंच की! मथळा लाल, त्याला पिवळी सावली, अक्षरांना वेलबुट्टीच्या शेपट्या, सगळ्या ओळी मधोमध आणि चार कोपऱ्यांत कलश. खाली फक्त ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ एवढंच राहिलं होतं. अकरा वर्षं पत्रिका जुळवलेल्या बाईला हळद म्हटल्यावर दुसरं काय सुचणार?

“हळद तर लागली,” मी म्हणालो, “नवरदेव कुठं हाय?”

“तुमी पंखा पाहा, भाऊजी,” करुणा म्हणाली. पण कानापर्यंत लाल झाली होती. सावलीपेक्षा जास्त.

त्या दिवसापासून तिनं कपडे उतरवायला सुरुवात केली. म्हणजे पानाचे. कलश गेले, सावली गेली, शेपट्या गेल्या. ओळी मधोमध होत्या त्या डाव्या कडेला आणल्या, कारण कमलबाईंचं बोट एक ओळ संपवून दुसरीचं तोंड शोधायला जायचं तर दर वेळी तोंड वेगळ्या जागी सापडायचं. मग तिला वाटलं, नवशिक्या बायका आहेत, अक्षरं जरा सुटी सुटी ठेवावीत. लेटर-स्पेसिंग म्हणून काहीतरी असतं, ते वाढवलं. झालं, वरची शिरोरेघच तुटली! प्रत्येक अक्षर आपापलं पत्र्याचं छप्पर घेऊन वेगळं उभं.

जनकामावशी बघून म्हणाल्या, “ही अक्षरं वाटणी करून निघाली का गं?”

“काहून आत्याबाई, सोपं न्हाई व्हत?”

“एका घरातली दिसत न्हाईत पोरी. कोणतं कोणाचं ते कळना.”

करुणानं अक्षरांना परत एका छपराखाली आणलं आणि अंतर शब्दाशब्दांत टाकलं.

मग एका दुपारी माझ्या दुकानात आली. “भाऊजी, टेप द्या.”

“कोणाचं माप?”

“नजरेचं.”

टेप मशीनच्या खणात होता. माझे दोन्ही हात गिऱ्हाइकाच्या पॅन्टीत अडकलेले, म्हणून म्हणालो, घ्या तुमीच. ही माझी चूक, पण ते पुढं येईल. टेप घेऊन तिनं वर्गात बायकांना ओळीनं बसवलं आणि प्रत्येकीच्या नाकापासून फोनपर्यंतचं अंतर मोजलं. धुरपताबाईंचं नऊ इंच. जनकामावशींचं एकोणीस. कमलबाईंनी हात इतका लांब केला की तेवीस भरलं. सरासरी काढायची नाही, सगळ्यात लांबचं धरायचं, असं करुणानं ठरवलं. आम्ही शिंपीसुद्धा तेच करतो; कपडा सैल झाला तर आत घेता येतो, तंग झाला तर देव आठवतो. तेवीस इंचांवरून कमलबाईंना दिसेल इतकं अक्षर तिनं मोठं केलं.

अक्षर मोठं झालं आणि नवीन तकलीफ सुरू. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसले. ‘हळकुंड’चा उकार खाली लोंबतोय आणि खालची ‘शिजली’ची वेलांटी त्याला टोचतेय. माझ्या लक्षात आलं तेवढं मी सांगितलं, “वहिनी, माणूस वाढला अन् सदरा तोच ऱ्हायला.” तिनं कपाळावर हात मारला. ओळीची उंची तिनं ठरीव आकड्यात लिहिली होती. ती काढून लिहिलं, अक्षराच्या पावणेदोन पट. आता अक्षर कितीही वाढो, ओळ त्याच्यासोबत वाढणार. एवढ्या शोधावर तिनं मला चहा पाजला. साखर कमी होती, पण त्या घरात ती कमीच असते.

रोज चारला वर्ग, रोज तेच पान, रोज नवीन माप. बायका वाचून दाखवायच्या, करुणा बघायची कुठं अडतंय आणि घरी जाऊन आकडा बदलायची. मजकुरावरही बायकांनी हात फिरवला. कमलबाई म्हणाल्या, “दोन घंटे लिवलंय ते खोटं हाय. फेस वर येईस्तोवर शिजवायची.” ते बदललं. बाराव्या दिवशी कोणी अडेना. चौदाव्या दिवशी तर घडाघडा. करुणानं फ्लेक्सवाल्याला नाही म्हणून कळवूनही टाकलं. मी म्हणालो, “वहिनी, निकालाआधी पेढे?” तर म्हणाली, “भाऊजी, तुमी नजर लावू नका, तेवढंच पुरं.”

पंधराव्या दिवशी जान्हवीताई आल्या. जयभीम झाला, चहा झाला. चहा मी नेला होता, त्यामुळं मला बसायला जागा मिळाली. जनकामावशी ठेवणीतलं पातळ नेसून पुढं. त्यांनी फोन हातात धरला, पान उघडलं, घसा खाकरला.

“हळद खणून काढली की गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायची. कढईत पाणी घालून पाला टाकायचा…”

काय ती धार! कुठं अडणं नाही, कुठं बोट नाही. मी करुणाकडं बघितलं, तिचे ओठ सोबत हलत होते. जान्हवीताई कौतुकानं पुढं झुकल्या, मावशींच्या हातातल्या फोनकडं बघितलं आणि तशाच थांबल्या.

“आजी, फोन बंद झालाय.”

“…फेस वर येईस्तोवर शिजवायची. मग…” मावशी थांबल्या. फोनकडं बघितलं. काळा कुळकुळीत, त्यात त्यांचंच तोंड. “व्हय का? कधी झाला?”

“दुसऱ्या ओळीला असेल.”

“ऱ्हाऊ दे, मला दिसून राहिलं,” मावशी म्हणाल्या आणि शेवटच्या पाच ओळी म्हणून मोकळ्या झाल्या.

मला हसू आवरेना. पण करुणाचा चेहरा बघितला आणि हसू गिळलं. पंधरा दिवस तेच पान रोज चार-चार वेळा. या बायकांचं सगळं आयुष्य कानावर चाललेलं. वंदना तोंडपाठ, गाणी तोंडपाठ, सात पिढ्यांची नाती तोंडपाठ. अकरा ओळींची हळद त्यांच्यापुढं काय चीज! कधी वाचणं संपलं आणि पाठ सुरू झालं, ते त्यांनाही कळलं नव्हतं आणि करुणालाही.

जान्हवीताईंनी धुरपताबाईंना मधलीच सातवी ओळ वाचायला सांगितली. धुरपताबाई मनातल्या मनात पहिलीपासून म्हणत सातवीवर आल्या आणि मग मोठ्यानं बोलल्या. ताईंनी फाइल मिटली. रागानं नाही, पण मिटली. “करुणाताई, पाठांतर फार छान आहे. पण पान वाचता येतं की नाही, ते मला यातून कसं कळणार?”

जनकामावशी पदराला पीळ घालत बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, “माह्यामुळं बुडालं का गं पोरी?”

“न्हाई आत्याबाई.” करुणा उठली. “ताई, दहा मिनिटं द्या. नवीन पान करते. कोणीच न ऐकलेलं.”

“दहा मिनिटांत? याला तर पंधरा दिवस लागले ना?”

“पंधरा दिवस मापाला लागले. माप तयार हाय. आता फक्त आतला मजकूर बदलायचाय.”

लॅपटॉप आणला, वायर विहाराच्या भिंतीला लावली, इंटरनेट तिच्याच फोनचं. बसली. बोटं की-बोर्डवर ठेवली आणि थांबली. काय लिहावं? कोणीच न ऐकलेलं या गावात काय आहे? तिनं मान वर करून सगळ्यांकडं एकेक करून बघितलं. माझ्यावर नजर आली आणि तिथंच राहिली. मग ती हसली. असं हसू मी लग्नात माझ्या बायकोच्या तोंडावर बघितलं होतं, आणि त्यानंतर माझं काय झालं ते गावाला ठाऊक आहे.

आठ मिनिटांत म्हणाली, “उघडा आपापले फोन.”

मथळ्यावर पहिलं बोट कमलबाईंचं पडलं. “क… म… ल… बा… ई…” त्या दचकल्या. “अगं बया, माझं नाव हाय! कमलबाईचं… हि… हिर… हिरवं… का… पड. कमलबाईचं हिरवं कापड!”

मी चहाची किटली हळूच जवळ ओढली.

“पुढं वाच माय!” सगळ्या एकदम.

“पो… ळ्याला कमलबाईनं ब्ला… ब्लाऊज शिवायला देला. व्यं… व्यंकट टेलर म्हन… म्हणाला, कापड उं… उंदरानं खाल्लं.” कमलबाईंनी मान वर केली. “हे तर मला ठाऊक हाय. पुढं काय?”

“तू थांब, मला वाचू दे,” धुरपताबाईंनी नाकाला फोन लावला. जोडाक्षरापाशी अडल्या, ओठ हलले, मागं गेल्या, परत आल्या. “उंदीर ख… रा. पण त्या… उंदराच्या… हातात…” पुढचा शब्द करुणानं ठळक केला होता, जाड, गडद. धुरपताबाईंनी त्याच्यावर बोट आपटलं. “का… त्… कात्री! कात्री व्हती!”

जो हशा झाला तो बस थांब्यापर्यंत गेला असणार. मी चहाची किटली उचलून निघायच्या बेतात होतो, पण दारात दोन बायका.

शेवटच्या ओळी जनकामावशींच्या वाट्याला आल्या. त्यांनी या वेळी फोनवर बोट टेकवलंच होतं, स्क्रीन विझायला लागली की अंगठ्यानं जागी करत होत्या. एक अक्षर, मग दुसरं. घाम आला होता. कोणी शब्द सुचवायला लागलं की हातानं गप्प करायच्या. “बा… ही… उल… टी… का… पली… गेली. का… पड… म… मशी… मशीनच्या… ख… णात… टे… टेपच्या… खाली… हाय.” आणि बोट तिथंच ठेवून माझ्याकडं बघितलं. “येंकट. खणात हाय?”

हाय म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पांढऱ्यावर काळं लिहिलेलं होतं, तेही तेवीस इंचांवरून दिसेल एवढ्या अक्षरात.

जान्हवीताई हसून हसून डोळे पुसत होत्या. पण बाई पक्की. डोळे पुसून झाल्यावर तिघींना पुन्हा वेगवेगळ्या ओळी दाखवल्या, मधलेच शब्द ओळखायला लावले, कमलबाईंचा फोन स्वतःच्या हातात घेऊन अक्षर, ओळ, अंतर सगळं बघितलं. मग फाइल उघडली.

“पानं तुम्हीच करा,” त्या म्हणाल्या. “फक्त पाठ होईल असं काही देऊ नका. दर आठवड्याला नवा मजकूर.”

“तो काय, गावच देतं,” कमलबाई म्हणाल्या. “येक टेलर पुरं हाय.”

त्या आठवड्यात मी कमलबाईंना नवं कापड आणून ब्लाऊज शिवून दिला. बाही सरळ. करुणाबद्दल माझ्या मनात राग नाही. म्हणजे होता, चार दिवस. पाचव्या दिवशी ती स्वतःच्या हातानं चहा घेऊन आली, साखर बरोबर घालून.

आता जिल्ह्यातल्या सहा गावांचे वर्ग तिच्या पानांवर वाचतात. साखरा गावच्या बायका त्यांच्या गावचा मजकूर फोनवर बोलून धाडतात, कोणाच्या बकरीनं कोणाची तूर खाल्ली त्याचा सविस्तर तपशील असतो. करुणा तो लिहिते, सहाही गावांना कपडे एकच. चारचा वर्ग चालू आहे. आणि गेल्या महिन्यात शिरड शहापूरला नवा वर्ग निघाला, तिच्या माहेरी. पहिल्या दिवशी ती स्वतः गेली. वर्गात पहिल्या ओळीत तिची आई, रुख्मिणीबाई, जिनं जन्मभर मिरचीच्या पुड्या सोडल्या आणि पुडीवर काय छापलंय ते कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी मी जनकामावशींकडं बसलो होतो. त्या आपलं पान वाचत होत्या. एकदम थांबल्या, चष्मा पुसला, फोन हलवला, पान बंद करून पुन्हा उघडलं.

“येंकट, हे बघ रे. आत्ताच अक्षरं जाड झाली.”

मी बघितलं. झाली होती. मघाच्यापेक्षा अंगानं भरलेली, ठसठशीत. मावशींनी लगेच सुनेला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर केला. तेवढी माणुसकी त्यांच्यात आहे.

“करुणे, माह्या फोनला काय केलं गं तुनं?”

तिकडून करुणाचा आवाज, मागं बायकांचा गलका. “आत्याबाई, आईला अक्षर फिकट दिसून राहिलं व्हतं. म्हणून एक आकडा वाढवला. सगळ्यांची फाइल एकच हाय, म्हणून तुमच्याकडंही झालं. परत बारीक करू का?”

“तिला आता दिसून राहिलं का?”

“व्हय. पहिली ओळ वाचली तिनं. आता दुसरीवर हाय.”

मावशींनी फोन जरा लांब धरला, जवळ धरला, जाड झालेल्या ओळीवरून बोट फिरवलं.

“मग ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “अन् इहिणबाईला म्हणावं, घाई करू नको. बोट ठेवून वाच.”